ओसाकाहून आलेला मांडव

२५ मार्च

हा मांडव जव्हारला यायला खरं काय लागलं, ते आज मांडून ठेवतो. ट्रस्टचे पैसे सोडा, ते त्यांचे. आपल्याकडून गेलं ते असं : विक्रमगडच्या पुढच्या वळणावर मोठा कंटेनर वळेना, म्हणून भर रस्त्यात सगळं उतरवून सहा छोट्या ट्रकांत भरलं, त्यात तीन दिवस. आडवी आलेली आंब्याची एक फांदी, कैऱ्यांसकट. तिचा मालक गप्प व्हावा म्हणून माझ्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, कायमच्या. मोखाड्याच्या दोन लग्नांचे मंडप, जे माझे ठरलेले होते आणि आता खोडाळ्याचा डेकोरेटर लावतोय. माझा माणूस गोरख, त्याच्या अंगठ्याचं नख. आणि माझी कंबर. तिचा हिशेब बायको, जयश्री, रोज तेल चोळताना मला ऐकवते.

मी त्याला मांडवच म्हणतो. ट्रस्टच्या योगिता मॅडम ‘पॅव्हिलियन’ म्हणतात. जपानात ओसाकाला सगळ्या जगाचं प्रदर्शन भरलं होतं, सहा महिने, त्यात हा उभा होता. प्रदर्शन संपल्यावर जागा मोकळी करायची होती. मॅडमच्या ट्रस्टनं अर्ज केला, मांडव मिळाला. आता साखरशेतच्या अलीकडच्या माळावर तो पुन्हा उभा राहायचा, बायांच्या गटांसाठी. नाचणी वाळवायला, निवडायला, मीटिंगला. सहाशे बारा तुकडे, सगळं लाकूड, एक खिळा नाही. हे मॅडमनी तीनदा सांगितलं, जणू खिळा म्हणजे पाप.

आणखी एक काम त्यांनी मला दिलंय. “पांडुरंगजी, या पॅव्हिलियनचा इतिहास तुम्हीच लिहा, एक पानभर. तुमच्या कानावर सगळं येतं.” खरंय ते. कुणाच्या मुलीचं ठरलं हे तिच्या आत्याच्या आधी मला कळतं, धंदा त्याच्यावरच तर उभा केला. पण दुसऱ्याला द्यायच्या पानावर खरं कुठं लिहिता येतं? म्हणून ही वही, माझ्यापुरती.

शेवटी पाटी लागणार आहे. जपानी लोकांची रीत म्हणे : बांधणाऱ्यांची नावं लाकडी पाटीवर लिहून इमारतीला लावतात. मी स्टँडवर चहा पिताना जाहीर करून टाकलं, “जव्हारला येणारा प्रत्येक टुरिस्ट आधी पांडुरंग भोये वाचेल, मग धबधबा बघेल.” चहावाल्यानं त्या चहाचे पैसे घेतले नाहीत.

माल मी माझ्या पद्धतीनं लावून घेतला. लांबीप्रमाणे थप्प्या. नऊ फुटी नऊ फुटांत, बारा फुटी बारा फुटांत. प्रत्येक तुकड्याला एक कापडी चिठ्ठी होती, सुतळीनं बांधलेली, वर कसली तरी जपानी अक्षरं. उचलताना सारखी हातात यायची. गोरखनं विळ्यानं सटासट कापून दोन गोण्या भरल्या. आता माल कसा, नवरीसारखा दिसतो. तीस वर्षांत मंडप कसा लावायचा हे मला शिकवायची पाळी कुणावर आलेली नाही.

२७ मार्च

मॅडम मुंबईहून नकाशे घेऊन आल्या. थप्प्यांभोवती एक चक्कर मारली आणि थांबल्या.

“टॅग कुठेत, पांडुरंगजी?”

“कसले टॅग?”

“प्रत्येक पीसवर नंबर होता. कोणता पीस कुठे बसतो, ते फक्त त्याच्यावर होतं.”

गोण्या डोळ्यांपुढं आल्या. तोंड मात्र आपोआप चाललं. “रस्त्यावर उतरवलं ना मॅडम, विक्रमगडला. कंटेनरमध्येच निम्म्या सुटलेल्या. वाऱ्यावर गेल्या असतील.”

त्या खालीच बसल्या, मातीत. मी पाणी आणून दिलं.

आमच्या मंडपात नऊ फुटी पाइप म्हणजे नऊ फुटी पाइप. आज इथं, उद्या तिथं, त्याला काय कळतं? हा कुठला मांडव, ज्यात प्रत्येक काठीला आपलं आपलं घर आहे!

गोरखला बाजूला घेतलं. “गोण्या कुठंत?”

“आंघोळीचं पाणी तापवलं शेट. झकास जळल्या.”

मे अखेर मांडव उभा राहिला नाही तर पाऊस लाकूड खाईल. ट्रस्टवाल्यांनी मॅडमना सांगून ठेवलंय, जमत नसेल तर मुंबईची कंपनी आणा. मग पाटीवर कंपनीचं नाव. स्टँडवर मी काय तोंड दाखवू?

३० मार्च

मीच सुचवलं, “आमचा जहीर मिस्त्री आहे, त्याला बोलावू.” मॅडम लगेच हो म्हणाल्या. मला बरं वाटलं. दोन महिने त्याचीही चूल नीट पेटेल.

जहीर आणि मी शाळेत एका बाकावर. मी जामसरहून आलेला, वसतिगृहातला. तो गावातल्या सुताराचा. माझ्या पहिल्या मंडपाची लाकडी कमान त्यानं केली होती. पुढं मी पाइप घेतले, कापड घेतलं, दोन टेम्पो घेतले. तो रंध्यालाच चिकटून राहिला. आता दारं रेडीमेड येतात, खुर्च्या रेडीमेड, पाळणेसुद्धा. जव्हारच्या बाजारात मला सगळे पांडूशेट म्हणतात. तो अजून पांड्या म्हणतो, चार माणसांत.

आला, सलाम-नमस्कार झाला, थप्प्या बघितल्या. “लांबीनं लावलंस?”

“मग काय रुंदीनं?”

एका खांबावर सुतळीची गाठ राहिली होती, तिचं टोक त्यानं अंगठ्यानं चाचपलं, गाठ सोडवली आणि वीतभर सुतळी खिशात घातली. कंजूस माणूस. सुतळीचा तुकडासुद्धा घरी नेतो.

४ एप्रिल

पाच दिवस झाले, जहीरनं एक लाकूड उभं केलेलं नाही. हात मागं बांधून फिरतो. तुकडा उचलतो, वास घेतो, डोळ्यापुढं धरतो, ठेवतो. माझी आठ माणसं सावलीत बसून तंबाखू मळतात.

“मुहूर्त बघतोयस काय?” मी म्हटलं.

“ओळख करून घेतोय, यार. सहाशे पाहुणे आलेत, कोण कुणाचा काका ते तर कळू दे.”

मॅडम हसल्या. माझ्या विनोदांना त्या हसतात तेव्हा दात दिसतात. याच्या बोलण्याला डोळे हसले. हा फरक मला कळतो. माणसं हसवणं हा माझा अर्धा धंदा आहे.

आज चहा आणायला त्यांनी मला पाठवलं. जहीरला नाही.

६ एप्रिल

चैतीनं आज अक्कल शिकवली, तीही मला. चैती साखरशेतची, गटाची अध्यक्ष, आमच्याकडं मजुरीला. माझी माणसं एक खांब उभा धरून बघत होती, तर ही डोक्यावरचं घमेलं खाली ठेवून म्हणाली, “पांडूशेट, यो उलटा हाय.”

“उलटा काय? दोन्ही टोकं सारखीच आहेत.”

“बुडखा वर नि शेंडा खाली केलास. असा खांब घराला लावत नाय. घर आजारी पडं.”

मी हसलो. जहीर हसला नाही. “बुडखा कसा ओळखलास, मावशी?”

तिनं बोट फिरवून गाठी दाखवल्या, फांदी कुठं निघाली होती नि कुठल्या दिशेला वाढत होती. मग म्हणाली, “आमचं घर सासऱ्यानं हलवलं, तवा खांब तेच. उन्हाकडचं तोंड उन्हाकडंच ठेवलं. नायतर लाकूड रुसतं, वळतं.”

जहीरनं खांब फिरवला. एक बाजू फिकी, राखेच्या रंगाची. दुसरी अजून तांबूस. “ऊन,” तो म्हणाला, आणि दोघं एकमेकांकडं असं बघत राहिले, जसं काही मी, मॅडम आणि आठ माणसं तिथं नव्हतोच.

तासाभरात सगळ्या थप्प्या मोडल्या. माझ्या थप्प्या! आता लावणी उन्हाप्रमाणं : बाहेरचे, आतले, छपराखालचे. काही फळ्यांवर कमरेएवढ्या उंचीला तेलकट डाग आहेत. जहीर म्हणतो, लोक टेकून बसलेत, पाठींचे आहेत. त्या सगळ्या आतल्या बाकामागच्या.

खरं सांगायचं तर हे मलाही सुचलं असतं. दोन दिवसांत सुचलं असतं.

९ एप्रिल

मांडव मुळात बांधणाऱ्या जपानच्या मिस्त्रीशी व्हिडिओवर बोलणं. ओनोबाबा, वय अठ्ठ्याहत्तर, शेजारी भाषांतर करणारी बाई. इतिहास लिहायचा म्हणून मी वही-पेन घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. अर्धा तास मोबाइलच्या चौकटीत माझा फक्त खांदा होता.

बाबांनी सांगितलं ते टिपलं : लाकूड डोंगरातल्या एका गावचं. आजोबा-पणजोबांनी लावलेली झाडं. गावात आता सत्तावीस माणसं, सगळी म्हातारी. झाडं तोडायला आली पण घर बांधणारं कुणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी ठरवलं, लाकूड तरी जग बघू दे. आणि प्रदर्शनात या मांडवात दाखवायला काहीच ठेवलं नव्हतं. नुसती बसायची जागा. चालून चालून दमलेली माणसं यायची, पाय मोकळे करायची, जायची. हे मी स्टँडवर सांगणार नाही. तिथं मी ‘राजे-महाराजे आले होते’ असं सांगून बसलोय.

मग बाबांनी विचारलं, तुमच्या मिस्त्रीची हत्यारं बघू. जहीरनं त्याच्या अब्बांची पटाशी कॅमेऱ्यापुढं धरली. मूठ झिजून बोटांची जागा पडलेली. म्हाताऱ्यानं उठून आपली पटाशी आणली. तीही तशीच. दोघं हसायला लागले, लहान मुलांसारखे, भाषेची गरजच नाही. भाषांतरवाली बाई गप्प बसून राहिली.

मी काय दाखवू? पाइप आवळायचा पाना?

बाहेर जाऊन उभा राहिलो. पाटीबद्दल ते काहीतरी सांगत होते, ‘नावाची पाटी’ एवढं ऐकू आलं. पण त्या घटकेला मला कुणाचं काहीही ऐकायचं नव्हतं.

१४ एप्रिल

जहीर वर, जहीर खाली. पोस्टमन विचारतो, “तो जहीरभाईंचा जपानी बंगला कुठाय?” जहीरभाईंचा!

जयश्री म्हणाली, “बरंय की. त्या माणसाला कधी नाही ते कोणी विचारतंय.” मी भाकरी अर्धी सोडली. तिनं ती गुंडाळून ठेवली, मागून मीच खाल्ली.

१७ एप्रिल, शुक्रवार

आज एक गोष्ट केली. वहीतसुद्धा लिहू नये अशी आहे, पण वही माझीच आहे.

दुपारी जहीर नमाजाला जव्हारला जातो, दोन तास मोकळे. मॅडम पालघरला ऑफिसच्या कामाला. उत्तरेकडची चौकट जोडायची होती, दोन खांब आणि वरचं आडवं लाकूड. तुकडे जहीरनं काढूनच ठेवलेले. मी गोरखला म्हटलं, “चला, परत आल्यावर उभी दिसली पाहिजे. आम्हीही काही गवत खात नाही.”

खांब उभे केले. आडवं वर चढवलं. त्याच्या टोकाला कोरलेली जीभ खांबाच्या खाचेत जाईना. तिरकी जात होती. आमच्याकडं असं झालं की काय करतात? ठोकतात. मी म्हटलं, “ठोक.” गोरख बिचकला. “शेट, मिस्त्री म्हणालेले, हातोडा नको.” मी त्याच्या हातातून घेतला आणि मीच ठोकला.

तिसऱ्या घावाला आवाज झाला. कडक पापड मोडावा तसा. जीभ मुळापासून चिरली, वीतभर आत.

सगळे जिथल्या तिथं. चैती एवढंच म्हणाली, “ते डावीकडून सरकवायचं व्हतं.” आधी बोलायला हिला काय झालं होतं? बोलली असती तरी मी ऐकलं नसतं, ते वेगळं.

जहीर आला. चिरीत बोट घातलं. माझ्याकडं बघितलं नाही, गोरखकडंही नाही. फोन घेऊन ट्रकच्या पलीकडं गेला. मी अलीकडं. माझ्या कानांना ट्रक म्हणजे पडदा.

“नाही मॅडम, चीर आधीपासूनच होती. प्रवासात धक्का बसला असेल. आज जोडताना दिसली... हो, मी दुसरा बनवतो. काळजी नको.”

मी ट्रकच्या चाकाला टेकलो. आणि मग हसूच आलं. हा म्हणे मिस्त्री! ताजी चीर आतून पांढरीफटक असते, जुनी काळवंडते, हे मला पाइपवाल्याला कळतं. याला कळलं नाही! ओनोबाबांनी बघायला पाहिजे होतं, त्यांचा दोस्त किती पाण्यात आहे ते.

मी सुटलो. तरी जेवण गेलं नाही. उन्हानं असेल.

२१ एप्रिल

जहीरनं नवं आडवं लाकूड करून आणलं. साग, जुना, मधासारखा. जपानी लाकडात तो वेगळा दिसतो. मॅडमना वाटलं, पॉलिश करून रंग मिळवावा. तो म्हणाला, “दिसू दे मॅडम. पाहुण्यात घरचा एक माणूस असला तर बरं.”

डावीकडून सरकवलं. एका हातानं. गेलं.

इतका जुना साग याला मिळाला कुठून, हे मात्र माझ्या कानांनी अजून आणलेलं नाही. वखारीत चौकशी केली. वखारीतला नाही.

३ मे

अर्ध्याहून जास्त मांडव उभा. खरं बोलायचं तर छान दिसतो. संध्याकाळचं ऊन आडवं शिरतं आणि आतल्या फळ्या तांबड्या होतात. साखरशेतच्या बाया आताच येऊन बसायला लागल्यात, पाय पसरून, जसं काही ओसाकाला मांडवानं एवढंच शिकून घेतलंय.

मी इतिहासाचं पान मॅडमना दिलं. त्यात एक वाक्य असं : ‘सर्व भाग श्री. पांडुरंग भोये यांच्या देखरेखीखाली सुखरूप उतरवून शास्त्रशुद्ध पद्धतीने लांबीनुसार लावण्यात आले.’ त्यांनी पेन्सिलनं त्याखाली बारीक रेघ मारली आणि पान परत दिलं. रेघ म्हणजे आवडलं की नाही, शाळेपासून मला कळत नाही.

९ मे

पाटीची फळी आली. सागाची, अडीच फूट, त्याच आडव्याच्या उरलेल्या तुकड्यातून जहीरनं काढलेली. अक्षरं मी काढायची. बोर्ड रंगवूनच तर मी सुरुवात केली होती, माझा हात आजही जव्हारमध्ये एक नंबर आहे.

नावांचं मॅडम फोनवर कुणाला तरी सांगत होत्या. त्या आत, मी ओट्यावर चप्पल शोधत. “रीत अशी आहे की पहिलं नाव मुख्य मिस्त्रीचं. तो एकच असतो. जहीरभाई. मग बाकीचे.”

बाकीचे.

म्हणजे काम मी आणलं, माणसं माझी, ट्रक माझे, कंबर माझी, जहीरला आणणारा मी, आणि मी बाकीचे! ब्रश माझ्या हातात आहे म्हटलं. वर्तमानपत्रावर मांडून बघितलं. वर मोठ्ठं ‘संकल्पना व उभारणी : पांडुरंग भोये’. खाली ‘सुतारकाम : जहीर’. सुबक बसतं. डोळ्यात भरतं.

१२ मे

जयश्री जहीरच्या घरी, फरजानाभाभींचा डबा परत करायला गेली होती. आल्यावर पदरानं वारा घेत बसली. मला माहिती आहे तिचं ते बसणं. बातमी असते.

“जहीरभाई जमिनीवर बसून रंधा मारतायत.”

“का? बाकडं?”

“कापलं. त्यांच्या अब्बांचं ते कामाचं बाकडं. भाभी म्हणाली, तुमच्या त्या मांडवाला जुना साग हवा होता, दुसरीकडं कुठं मिळाला नाही.”

“मला विचारायचं. मी कुठूनही आणून दिला असता.”

“तुम्हाला?” ती म्हणाली. आणि आत गेली.

मला जायचं नव्हतं. चहा पिऊन झाला, पायात चपला होत्याच, गेलो. जहीर खरंच जमिनीवर, पायाच्या अंगठ्यानं फळी दाबून धरलेली. भिंतीलगत बाकड्याचे दोन पाय तेवढे उभे.

“ये शेट. खुर्ची नाही, बस खाली.”

बसलो. म्हणालो, “ती चीर. जुनी नव्हती.”

“पांढरी होती,” तो म्हणाला, रंधा न थांबवता. “मी आंधळा आहे काय?”

मी जमिनीवरची एक ढलपी उचलली.

“आणि सुतळी विळ्यानं कापलेली होती. वारा सुतळी कापत नाही, पांड्या.”

“तेव्हापासून माहीत आहे तुला?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग मॅडमना सांगितलं का नाहीस?”

आता थांबला. भुसा फुंकला. “सांगून चिठ्ठ्या परत चिकटल्या असत्या? तुला हाकललं असतं, मग सहाशे लाकडं कुणी वाहिली असती, मी? माझे गुडघे बघितलेस?” मग जरा वेळानं, “आणि खरं सांगू, चिठ्ठ्या असत्या ना, तर त्यांना माझी गरजच नव्हती. नंबर बघून तूही लावला असतास. तू कापल्यास म्हणून मला दीड महिना कुणीतरी मिस्त्री म्हटलं.”

यावर हसावं की नाही ते मला कळेना. तो हसला, म्हणून हसलो.

निघताना म्हणाला, “माझं नाव मोठं काढ हां. बॅनरवर नवरदेवाचं काढतोस तसं.”

“लाज नाही वाटत मागायला?”

“नाही वाटत,” तो म्हणाला.

१३ मे

वर्तमानपत्र फाडून टाकलं. पाटी रंगवली. पहिलं ‘मिस्त्री : जहीर’. दुसरं ‘चैती, साखरशेत’. तिसरं ‘पांडुरंग भोये’. मग गोरख आणि सात जण, बारीक. जहीरचं अक्षर एक दोरा मोठं, जास्त नाही. माझ्या नावाला काळा रंग दोनदा दिला. वाळल्यावर लांबून बघितलं. माझं नाव लांबीला जास्त आहे, त्यामुळं तेवढी जागा भरतं. त्याला कोण काय करणार.

मॅडमना टॅगचं सांगितलं. खरं सगळं. त्या म्हणाल्या, “चैतीमावशी मला एप्रिलमध्येच म्हणाल्या होत्या.” म्हणजे सगळ्यांना माहीत होतं आणि माझ्या कानावर ते नव्हतं.

इतिहासाच्या पानावरचं ते वाक्य मी स्वतःच खोडलं. मग एक ओळ अजून लिहिली : ‘चिठ्ठ्या हरवल्यामुळे लाकडे उन्हाच्या डागांवरून ओळखावी लागली.’ कुणी हरवल्या ते लिहिलं नाही. पान एकच आहे.

२० मे

आज पाटी लागली. छपराच्या वरच्या फळ्या तेवढ्या राहिल्यात, उद्या-परवा होतील.

जयश्रीचे दोन भाऊ डहाणूहून जीप करून आले, बायका-मंडळींसकट. स्टँडवरचा चहावाला दुकान बंद करून आला. पोस्टमन आला. मी सकाळीच दारावरच्या आडव्याला दोरीनं दोन सुबक फासे बांधून घेतलेले, खिळा नको म्हणून, डोळ्यांच्या बरोबर समोर येतील असे. मॅडमनी विचारलं, “हे फासे कशाला?”

“पाटीला.”

त्यांनी जहीरकडं बघितलं. जहीरनं माझ्याकडं. “ओनोबाबांनी त्या दिवशीच सांगितलं होतं,” तो म्हणाला. “तू बाहेर निघून गेलास.”

मग तो शिडीनं चढला, थेट आढ्यापर्यंत. मी खालून पाटी दिली, चैतीनं लाकडाच्या चार खुंट्या. जपानहून लाकडांबरोबर आलेली, तिथल्या मिस्त्र्यांच्या नावांची जुनी पाटी आधी बसवली, शेजारी आपली. आढ्याच्या पाठीवर, पालथी नाही, उताणी. अक्षरं आभाळाकडं. त्याच्यावरून गोरखनं पहिली फळी सरकवली, मग दुसरी.

मेहुण्यानं मान वर करून, डोळ्यांवर हात धरून, चहूकडून बघितलं. “दाजी, नाव कुठाय?”

मॅडमनी त्याला समजावून सांगितलं. ही पाटी वाचायची ती मांडव पुन्हा कधी सोडवतील तेव्हा, सोडवणाऱ्यानं. एरवी नाही.

चहावाला दुकान उघडायला परत निघाला.

जमिनीवरून काहीच दिसत नाही. माझं नाव नाही, आणि जहीरचंही नाही.